शैक्षणिक साहित्य, पण साहित्य म्हणून

मराठीत 'साहित्य' या शब्दाचे निदान तीन संसार आहेत. पहिल्यात कविता, कादंबऱ्या, संमेलनं आणि संमेलनांचे अध्यक्ष येतात. दुसऱ्यात रवा, साखर, तूप, वेलची, म्हणजे 'साहित्य आणि कृती'. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा बहुतेक वेळ तिसऱ्या संसारात जातो. तो म्हणजे शैक्षणिक साहित्य. आमच्या पाठ टाचणात त्याचा एक वेगळा रकाना असतो. त्यात आम्ही लिहितो : तक्ता, शब्दपट्ट्या, प्रतिकृती, मोबाईल, प्रोजेक्टर. पाठ बघायला येणाऱ्या मार्गदर्शकांच्या तक्त्यातही 'साहित्याचा वापर' असा मुद्दा असतो आणि त्याला गुण असतात. साहित्य वापरलं की गुण मिळतात. ते साहित्य चांगलं होतं का, हे विचारायला मात्र कुठे जागा नसते.

मला हे खटकतं, कारण पहिल्या संसारात आपण असं वागत नाही. पाचशे प्रतींच्या कवितासंग्रहावर तीन परीक्षणं येतात, कवी रुसतो, समीक्षक खुलासा करतो. पण ज्या पुस्तकाची प्रत राज्यातल्या लाखो घरांत जाते, जे वर्षभर दप्तरात फिरतं, ज्याच्या कडांना डब्यातल्या भाजीचं तेल लागतं, त्यावर कुणी लिहीत नाही. बालभारतीची स्थापना १९६७ मध्ये झाली. म्हणजे मराठीत वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक गेली पन्नासहून अधिक वर्षं एकाच ठिकाणाहून येतं. तरी त्याच्या भाषेची, चित्रांची, मांडणीची, आणि आता त्याला जोडलेल्या व्हिडिओंची समीक्षा अशी गोष्ट आपल्याकडे जवळपास नाही.

चर्चा होते, पण ती वेगळ्या जातीची असते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक वेगळी पद्धत आली. 'सत्तावीस'च्या बरोबरीने 'वीस सात' असंही वाचायचं. त्यामागचा प्रश्न खरा होता. आपण २७ लिहिताना आधी दोन लिहितो आणि बोलताना आधी सात उच्चारतो. लहान मूल या उलटापालटीत अडखळतं आणि २७ ऐवजी ७२ लिहून मोकळं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ही भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. पण राज्याने त्यातून काय उचललं, तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरची कोटी. विधानसभेत ती झाली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि चार दिवसांत विषय संपला. त्या पद्धतीने दुसरीतल्या मुलांना खरंच सोपं जातं का, जोडाक्षरांचे जड शब्द टाळल्याने काय मिळतं, 'पंचेचाळीस' हा शब्द मुलाच्या कानावरून गेल्याने काय हरवतं, यावर बोलणारे मोजकेच होते. विनोद भरपूर झाले आणि समीक्षा तेवढी राहून गेली.

म्हणून हा लेख. मी शिकत असलेल्या, वापरत असलेल्या काही साहित्याकडे मला साहित्य म्हणूनच बघायचं आहे. आमच्या अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञानाच्या 'चिकित्सक आकलनाचा' एक भाग आहे. प्रत्यक्षात त्यात बहुतेक वेळ स्लाइड कशी बनवायची याच्यातच जातो. नावातला 'चिकित्सक' हा शब्द मी जरा गंभीरपणे घेते आहे, एवढंच.

कोपऱ्यातला काळा चौकोन

तुमच्या लहान भावंडाचं पाठ्यपुस्तक उघडा. पाठाच्या सुरुवातीला, कोपऱ्यात, एक क्यूआर कोड दिसेल. 'दीक्षा' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काळात आपल्या पुस्तकांच्या पानांवर हे चौकोन आले. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांकही असतो. कॅमेरा चालत नसेल तर तो टाकायचा. ही सोय विचार करून केलेली आहे, हे मान्य केलं पाहिजे.

या कोडबद्दलची सूचना पुस्तकात असते. ती सांगते की कोड स्कॅन केला की पाठाला उपयुक्त असं दृक्‌श्राव्य साहित्य उपलब्ध होईल. त्यातला 'उपलब्ध होणे' हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यात कर्ता नाही. कुणी देत नाही, कुणी घेत नाही, काहीतरी आपोआप उपलब्ध होतं. पण स्कॅन कोण करणार? फोन कुणाचा? डेटा कुणाचा? बघून झाल्यावर बोलायचं कुणाशी? ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची सुमारे ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो असं सांगतात, हे 'असर' २०२४च्या अहवालात आहे. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ही मोठी मुलं. तिसरी-चौथीतल्या मुलासाठी फोन म्हणजे वडिलांचा फोन. तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो आणि तेव्हा त्याच्यावर इतरही दावेदार असतात.

क्यूआर कोडची मूळ गोष्ट मात्र कर्ता असलेली आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गातल्या मुलांसाठी पुस्तकांना असे कोड जोडले. पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत नेली, कोडमागे कविता, व्हिडिओ, गृहपाठ ठेवले. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं आणि ती दहा लाख डॉलरची रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांबरोबर वाटून घेतली, ही बातमी तुम्हाला आठवत असेल. मला त्यातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. तिथे कोडच्या एका बाजूला मुलांना ओळखणारा शिक्षक होता आणि दुसऱ्या बाजूला त्याला ओळखणारी मुलं होती. कोड हा त्या दोघांमधला निरोप होता. तोच कोड राज्यभरच्या पुस्तकावर छापला जातो तेव्हा निरोप राहतो, पण पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. पत्राचं परिपत्रक होतं.

परिपत्रक वाईटच असतं असं नाही. काही ठिकाणी कोड म्हणजे खरोखर दार असतं. २०२० मध्ये एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला. ऐकू न येणाऱ्या मुलाला छापील पानापेक्षा ते हात जास्त सांगतात. तिथे व्हिडिओ हे पाठाला लावलेलं तोरण नसतं, तोच पाठ असतो. म्हणजे प्रश्न कोड असावा की नसावा हा नाही. कोडमागे जे आहे ते पानावर नसलेलं काही देतं का, एवढाच आहे.

जो व्हिडिओ थांबत नाही

गेल्या काही महिन्यांत मी शाळेसाठी बनवलेले मराठी व्हिडिओ खूप पाहिले. सरकारी, खासगी, शिक्षकांनी घरी केलेले, सगळे. त्यांचे ढोबळ दोन साचे आहेत. एकात चित्रं सरकतात आणि मागून एक आवाज पाठ वाचतो. दुसऱ्यात फळ्यापुढे शिक्षक उभे असतात. पहिल्या साच्यात आवाज बहुतेक वेळा एकच असतो : गोड, स्वच्छ, प्रमाण मराठीतला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा. मुलांशी बोलताना मोठी माणसं जो खास आवाज काढतात, तो. चित्रातलं घर कुठल्याही गावातलं नसतं. त्याला पुढे लॉन असतं आणि मागे त्रिकोणी डोंगर.

पण माझी मुख्य तक्रार चित्रांबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. हे व्हिडिओ प्रश्न विचारतात. 'सांगा बरं मुलांनो, या आयताचं क्षेत्रफळ किती?' आणि एका श्वासात पुढे : 'बरोब्बर! पंधरा चौरस सेंटीमीटर!' वर्गातल्या एकानेही तोंड उघडलेलं नसतं आणि सगळ्यांना शाबासकी मिळालेली असते.

मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधली शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना आढळलं. ती शांतता तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलतात आणि 'माहीत नाही'चं प्रमाण कमी होतं. शिक्षणशास्त्रात इतकं स्वस्त संशोधन क्वचितच सापडेल. त्याला वीज लागत नाही, निधी लागत नाही, फक्त तीन सेकंद लागतात. व्हिडिओ करणाऱ्याला ही तीन सेकंदं सर्वांत महाग वाटतात, कारण पडद्यावरची शांतता बिघाडासारखी दिसते. आपण सगळे रील बघून वाढलेले आहोत, दीड सेकंद काही हललं नाही तर अंगठा वर सरकतो. शाळेच्या व्हिडिओंनी हीच लय उचलली आहे. शिकण्याची लय मात्र वेगळी असते. तिच्यात बऱ्याचदा बाहेरून काहीच घडताना दिसत नाही.

माझ्या सरावशाळेत मोठा टीव्ही आहे, लोकवर्गणीतून आलेला. त्यावर पाचवीचा वर्ग क्षेत्रफळाचा एक व्हिडिओ बघत असताना मी मागे बसून नोंदी घेत होते. फरशांनी भरलेली खोली, एक फरशी म्हणजे एक चौरस एकक. आशय अचूक होता. मुलं शांत होती. नऊ मिनिटांत एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. अर्थात, विचारला असता तर उत्तर कोण देणार होतं? पडद्याला ऐकू येत नाही. आणि रिमोट हातात असलेल्या शिक्षकाला हळूहळू असं वाटायला लागतं की आपलं काम तो चालू-बंद करणं एवढंच आहे. मला सगळ्यात भीती वाटते ती याची. मी दोन वर्षं खर्चून शिक्षक व्हायला निघाले आहे, ऑपरेटर व्हायला नाही.

बालचित्रवाणी आठवते?

हे आजचं नाही. १९१३ मध्ये थॉमस एडिसन सांगत होता की चित्रपटामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. १९७५-७६ मध्ये आपल्या देशात 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत संच बसवले, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखवले. १९८४ मध्ये निवडक शाळांत संगणक आले. १९८७ मध्ये सरकारला पुन्हा जमिनीवर येऊन 'खडू-फळा मोहीम' काढावी लागली, कारण कित्येक प्राथमिक शाळांत धड दोन खोल्या आणि दोन शिक्षकही नव्हते. उपग्रह आधी आणि खडू नंतर, असा हा आपला क्रम.

महाराष्ट्राची गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचं काम मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्याचं. आमच्या आधीच्या पिढीला सकाळच्या दूरदर्शनवरचं ते नाव आणि त्याची धून अजून आठवते. तिथे हजारो कार्यक्रम तयार झाले. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. त्याच वर्षी 'दीक्षा' आलं. एका बाजूला मराठीत मुलांसाठी दृक्‌श्राव्य साहित्य करण्याचा तीन दशकांचा अनुभव गुंडाळला गेला आणि दुसऱ्या बाजूला तेच काम नव्या नावाने पहिल्यापासून सुरू झालं.

यात मला तंत्रज्ञानाचा दोष दिसत नाही. समीक्षा नसण्याचा दिसतो. पहिल्या संसारात एखादा नवकवी लिहायला बसतो तेव्हा त्याच्यामागे कुणाचं काय जमलं, कुणाचं फसलं याची वादावादी उभी असते. बालचित्रवाणीच्या कार्यक्रमांत काय जमलं होतं आणि काय फसलं होतं, यावर पुरेसं लिहिलं गेलं असतं, तर आजच्या व्हिडिओवाल्यांना तेच खड्डे पुन्हा खणावे लागले नसते.

तेहतीस फुटांची दोरी

त्या नऊ मिनिटांनंतरच्या आठवड्यात क्षेत्रफळाचा पाठ माझ्याकडे होता. शाळा नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात आहे. तिथे क्षेत्रफळ हा शब्द कुणी बोलत नाही, पण क्षेत्रफळाशिवाय कुणी बोलतही नाही. सगळं गुंठ्यांत आणि एकरांत चालतं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे दोघे जवळजवळ जुळे भाऊ. ही एवढी एक गोष्ट पाचवीच्या मुलाच्या हाती लागली, तर त्याला घरातला कागदही वाचता येतो आणि शाळेतलं पुस्तकही.

माझं साहित्य होतं एक दोरी, ३३ फुटांवर गाठ मारलेली, आणि मैदान आखायची फक्की. सातबारा घरून आणायला मी सांगितलं नाही. वर्गातली निम्मी मुलं बागांत कामाला आलेल्या कुटुंबांतली आहेत, त्यांच्या घरी सातबारा नसतो. शाळेचं मैदान मात्र सगळ्यांचं. मुलांनी दोरी ताणून एक गुंठा आखला, त्यात सगळी उभी राहिली आणि पहिला धक्का तिथे बसला. 'एवढाच?' एकजण म्हणाला. घरात रोज ऐकलेला शब्द त्याने पहिल्यांदा पायाने मोजला होता.

मग माझा फोन बाहेर आला. उपग्रह-नकाशावर मी शाळा शोधली. नकाशात दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची सोय असते. मैदानाची लांबी-रुंदी मुलांनी आधी पावलांनी अंदाजाने सांगितली, मग दोरीने मोजली, मग पडद्यावर पडताळली. तिन्ही आकडे वेगळे आले. कुठला खरा, यावर जे भांडण झालं तोच माझ्या मते पाठ होता. 'दोरी ढिली होती', 'नकाशात झाडाखालचं दिसत नाही', 'तुझी पावलं छोटी आहेत'. मोजमापात चूक कुठून येते हे ती मुलं एकमेकांवर ओरडत शिकत होती.

शेवटी एक मुलगा उठला. व्हिडिओच्या तासाला तो भिंतीला टेकून बसला होता. 'मॅडम, आमची जमीन नाही. पण बाबा आणि त्यांची टोळी दिवसाला किती छाटतात ते सांगू? छाटणी उक्ती असते, एकरावर.' आणि त्याने टोळीतल्या माणसांनी दिवसाच्या कामाला भागून एका माणसाच्या वाट्याला किती गुंठे येतात ते तोंडी सांगितलं. वर्गातल्या बागाईतदारांच्या मुलांना हा हिशेब येत नव्हता. त्यांना जमिनीचा आकार माहीत होता. त्या आकारात किती दिवस मावतात हे त्याला माहीत होतं.

दोरी श्रेष्ठ आणि फोन हलका, असं मी म्हणत नाही. त्या तासाला फोन नसता तर तिसरा आकडा आला नसता आणि भांडण निम्मंच झालं असतं. टीव्हीवरच्या व्हिडिओत आणि माझ्या फोनवरच्या नकाशात तंत्रज्ञान एकाच जातीचं आहे. फरक इतकाच की व्हिडिओ उत्तर घेऊन येतो आणि नकाशाकडे प्रश्न घेऊन जावं लागतं.

चुकायची सोय

यातून चांगल्या शैक्षणिक साहित्याची माझी पहिली कसोटी तयार झाली : त्यात चुकता येतं का?

अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आज जगभर माहीत आहेत. त्यांची सुरुवात मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात झाली, पुढे पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हे काम बहरलं. त्यातला काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ घ्या. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, त्यांत काड्या खोचायच्या, आकार तयार करायचे. चौकोन केला की तो हातात लुळा पडतो, दाबला की समांतरभुज होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. विजेच्या मनोऱ्यात, पत्र्याच्या छपराखालच्या कैचीत त्रिकोणच का असतात, हे मग सांगावं लागत नाही. बोटांना आधीच कळलेलं असतं. इथे लुळा पडणारा चौकोन ही चूकच शिकवते.

याला 'जुनं ते सोनं' म्हणायचं कारण नाही, कारण पडद्यावरही हे होऊ शकतं. 'फेट' नावाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स आहेत. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. ती फुकट आहेत, त्यांतली काही मराठीतही आहेत. त्यात विद्युत परिपथ जोडायचा एक खेळ आहे. तारा हव्या तशा जोडा. नीट जोडलं तर दिवा लागतो. बॅटरीची दोन टोकं थेट तारेने जोडली, तर पडद्यावर ज्वाळा उठतात. मुलांना पहिल्या पाच मिनिटांत फक्त ज्वाळाच हव्या असतात आणि ते अगदी बरोबर आहे. खऱ्या वर्गात ती चूक परवडत नाही, इथे ती हवी तितक्या वेळा करता येते. व्हिडिओतला दिवा मात्र नेहमी पहिल्याच खेपेला लागतो.

ही कसोटी आम्हा छात्राध्यापकांच्या तक्त्यांनाही लावली पाहिजे. थर्माकोलचं हृदय, चमकीची नदी, रंगीत कार्डशीटवर स्केचपेनने काढलेलं जलचक्र. पाठाच्या दिवशी ते झळकतं आणि मग कपाटावर धूळ खातं. त्याला हात लावायची मुलांना परवानगी नसते, कारण ते मोडेल. ते मुलांसाठी केलेलंच नसतं, गुण देणाऱ्यासाठी केलेलं असतं. तंत्रज्ञान नसलेलं साहित्य आपोआप जिवंत होत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, शंख, गोटे यांतून बालशिक्षण उभं केलं, तेव्हा त्या साहित्याचा मोठा गुण स्वस्तपणा हा नव्हता. ते मोडलं, हरवलं, मुलाने घरी नेलं तरी चालत होतं, हा होता.

आमच्याकडे तो गुण नेमका कपाटात अडकतो. बहुतेक प्राथमिक शाळांत गणिताची पेटी असते. मणीमाळ, दहाचे दांडे, सुटे ठोकळे असं उत्तम साहित्य. पण पेटी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. एक ठोकळा हरवला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. म्हणून वर्षअखेरीला पेटी जशीच्या तशी सापडणं हे चांगल्या व्यवस्थापनाचं लक्षण ठरतं. जे साहित्य झिजलंच नाही त्याने कुणाला काही शिकवलं नाही, हे नोंदवायला रजिस्टरमध्ये रकाना नाही. टीव्हीचं तेच, टॅबलेटचं तेच. कुठलंही यंत्र आणण्याआधी ते मोडायची परवानगी कोण देणार, हे ठरलं पाहिजे.

कोरं पान

अलीकडच्या काळातलं सर्वांत धाडसी शैक्षणिक साहित्य कुठलं, असं मला विचारलं तर मी म्हणेन, कोरं पान. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने प्राथमिकच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून पाठांबरोबर वहीची पानं जोडायचं ठरवलं. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि मुलांनी तिथेच नोंदी कराव्यात, हा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. मुलं वह्याही आणत राहिली, ओझं फारसं घटलं नाही, खर्च मात्र वाढला.

प्रशासनाच्या हिशेबात तो फसला असेल. पण साहित्य म्हणून बघा. जे पुस्तक दरवर्षी फक्त सांगत आलं होतं, ते पहिल्यांदा गप्प बसलं आणि म्हणालं, आता तू लिही. त्या पानाला नेटवर्क लागत नव्हतं. त्यात चुकता येत होतं, खोडता येत होतं. त्याला हवे होते ते पाच-दहा मिनिटं मोकळे देणारे शिक्षक आणि 'इथे काय लिहायचं असतं?' या प्रश्नाला 'तुला काय वाटलं ते' असं उत्तर देण्याची मुभा. तेवढंच आपण पुरवलं नाही. मग त्या पानांवर प्रश्नोत्तरं उतरवून घेतली गेली आणि कोऱ्या पानाची वही झाली.

माझ्या सरावशाळेत ती जुनी पुस्तकं अजून कपाटात आहेत. मी ती चाळत बसते. बहुतेक पानं खरोखरच कोरी आहेत. काहींवर फळ्यावरून उतरवलेली उत्तरं, सगळ्यांची एकसारखी. पण पाण्याच्या पाठामागच्या एका पानावर कुणीतरी बोअरवेल काढली आहे. खाली जाणारी लांब रेघ, तिच्या बाजूला फुटांचे आकडे, आणि तळाशी पाणी नाही, तर पेन्सिलने केलेलं एक प्रश्नचिन्ह. पाठात विहीर होती, नदी होती, जलचक्र होतं, बोअरवेल नव्हती. मुलाने पाठाला उत्तर दिलं होतं. आपण समीक्षा म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

तेव्हा एक विनंती. आज घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाचं पुस्तक घ्या, कोड स्कॅन करा आणि तो व्हिडिओ एखाद्या वेबसीरिजचा भाग बघावा तसा, दात-ओठ खाऊन, पूर्ण बघा. त्यात तीन सेकंद शांतता कुठे आहे का ते मोजा. त्यात चुकायला जागा आहे का? तुमच्या गावातलं घर, तुमच्या आईची भाषा, तुमच्या बापाचं काम त्यात मावतं का? आवडलं तर का, नाही आवडलं तर का, ते चार ओळींत लिहा. आणि मग ते मूल काय म्हणतं ते विचारा. विचारून झालं की तीन सेकंद थांबा.